अनुभव धागा : आपले लिखाण तेव्हा कोण वाचत होते?

वळणवाट (कोथरूड) : धाग्याचे निमंत्रण

पुण्यात राहणाऱ्या, पुण्यात शिकून बाहेर पडलेल्या आणि नोकरीसाठी येऊन इथलेच झालेल्या सर्वांना या धाग्याचे निमंत्रण आहे. ब्लॉग आणि सोशल नेटवर्किंग यांच्या वाढीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यातले बरेचसे लेखन एक तर कंपन्यांच्या उलाढालीविषयी असते, नाही तर मोबाइलच्या व्यसनाविषयी. मला इथे निराळी गोष्ट ऐकायची आहे. तुम्ही लिहायला लागलात तेव्हा ते कोण वाचत होते, पुढे तो वाचक कसा बदलला आणि वाचक बदलल्यावर तुमच्या लिहिण्याचे काय झाले, एवढेच सांगा.

संदर्भासाठी काही वर्षे मांडते. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, त्यामुळे संगणकावर एकमेकांशी वाद घालण्यासाठी मराठी माणसाला फेसबुकची वाट पाहावी लागली नव्हती. ब्लॉग लिहिण्याची सोय देणारे ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये ते गूगलकडे गेले. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट हे सोशल नेटवर्क आले. त्याच्या पुढच्याच महिन्यात फेसबुक आले, पण ते आरंभी अमेरिकेतील महाविद्यालयांपुरते होते आणि सर्वांसाठी खुले झाले ते सप्टेंबर २००६ मध्ये. माझी समजूत अशी आहे की ब्लॉगच्या काळात लिखाणामुळे ओळखी होत, आणि नंतरच्या माध्यमांत ओळखीमुळे लिखाण वाचले जाऊ लागले. ही समजूत चुकीची वाटत असेल तर तसेही जरूर लिहा.

कृपया पूर्ण वाक्यांत लिहावे, इतरांची खरी नावे टाळावीत आणि पक्षांचा प्रचार दुसरीकडे करावा.

रात्रपाळी (पिंपळे सौदागर)

२००६ च्या सुरुवातीला मी हिंजवडीत नोकरीला लागलो आणि उन्हाळ्यात ब्लॉग उघडला. कंपनीच्या बसमध्ये विषय सुचत, ते डोक्यात घोळवत दिवस काढायचा आणि रात्री भाड्याच्या खोलीवर टंकायचे, असा क्रम होता, कारण ऑफिसच्या संगणकांवर ब्लॉग उघडत नसत. दोन-तीन महिने होतात न होतात तोच ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर सरकारने काही मोजकी संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि इंटरनेट पुरवठादारांनी त्यासाठी अख्खे ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकले. गंमत अशी की लेख ज्या ब्लॉगर डॉट कॉमवरून चढवायचा ते संकेतस्थळ चालू होते, पण तो जिथे प्रसिद्ध व्हायचा ती जागा बंद होती. त्यामुळे मला लिहिता येत होते, मात्र स्वतःचे लिहिलेले वाचता येत नव्हते. परदेशातील वाचक ते वाचून प्रतिक्रिया देत आणि त्या मला ईमेलने मिळत. माझा वाचक नेमका कोण आहे, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट कळले.

हा वाचक बहुतेक वेळा अमेरिकेत असे. त्याची संध्याकाळ संपता संपता तो मराठी वाचायला बसे, म्हणून माझ्याकडे प्रतिक्रिया सकाळच्या चहाच्या सुमारास येत. 'मराठी ब्लॉग विश्व'वर नव्या नोंदींची यादी लागे, तिथून लोक येत, आणि आवडले तर गूगल रीडरमध्ये ब्लॉगचा पत्ता भरून ठेवत, म्हणजे नवा लेख आला की तो तिथेच दिसे. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, त्याचा धक्का वाचकांपेक्षा आम्हा लिहिणाऱ्यांना अधिक बसला. आपल्या दाराशी नियमित येणारी माणसे कोणत्या रस्त्याने येत होती, हे तो रस्ता बंद झाल्यावर समजले.

आमचे काही मेळावे सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात झाले. सगळे एकमेकांना ब्लॉगच्या नावाने हाक मारत. एका गृहस्थांचे आडनाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून कळले, आणि तोवर त्यांच्या बालपणाचा सगळा तपशील मला पाठ होता.

पुढे मी लेखांचे दुवे फेसबुकवर देऊ लागलो. वाचकांचा आकडा वाढला, पण त्यात मामा, आत्या, शाळेतले सवंगडी आणि शेवटी खुद्द मॅनेजर असे सगळे आले. कार्यालयातील वार्षिक मूल्यमापनावर मोठ्या मेहनतीने लिहिलेल्या विनोदी लेखाखाली मामांनी 'आता लग्नाचं मनावर घे' अशी प्रतिक्रिया दिली आणि तिला लेखापेक्षा जास्त लाइक मिळाले. मॅनेजरची मैत्रीविनंती स्वीकारल्यावर ऑफिसविषयी लिहिणे आपोआप थांबले. वळणवाट यांची समजूत माझ्यापुरती तरी बरोबर आहे. फक्त एवढे जोडतो की अनोळखी वाचकाला फक्त लेख माहीत असतो, म्हणून त्याच्यासमोर खरे लिहिण्याची सोय असते.

दोन खिडक्या (पूर्वी कर्वेनगर, आता नाशिक)

ऑर्कुट सुरुवातीला निमंत्रणानेच मिळे, आणि मला ते होस्टेलवरच्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने दिले. आम्ही कर्वे रस्त्यालगतच्या एका नेट कॅफेत तासावर बसत असू. मालक ओळखपत्र पाहून वहीत नोंद करी आणि वेळ संपली की मागे येऊन उभा राही.

हल्लीच्या मुलांना सांगून पटत नाही, पण ऑर्कुटची स्क्रॅपबुक, म्हणजे प्रत्येकाची निरोपांची वही, आरंभी सर्वांना खुली होती. प्रश्न माझ्या वहीत यायचा आणि त्याचे उत्तर मी विचारणाऱ्याच्या वहीत जाऊन लिहायचे, त्यामुळे दुसऱ्या दोघांचे संभाषण वाचायचे असेल तर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून एक ओळ इकडची आणि एक ओळ तिकडची असे जुळवत बसावे लागे. हा उद्योग होस्टेलवर सर्रास चाले आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. खासगी काही लिहायचे तर टेस्टिमोनियलचा, म्हणजे मित्राविषयी लिहायच्या अभिप्रायाचा, मार्ग होता. टेस्टिमोनियल समोरच्याने स्वीकारल्याशिवाय प्रसिद्ध होत नसे, म्हणून लोक त्यात पत्र लिहीत आणि शेवटी 'हे स्वीकारू नकोस' अशी ओळ टाकत. आमच्या मजल्यावरच्या एकाला आलेले असे पत्र त्याने त्या ओळीसकट स्वीकारले. नंतर पुसले, पण तोवर दोन्ही होस्टेलांनी ते वाचले होते.

शिवाय आपल्या पानावर अलीकडे कोण येऊन गेले हे दिसे. ती सोय बंद ठेवता येई, पण मग दुसऱ्यांच्या पानावरचीही दिसत नसे. वाचणाऱ्याला लपायचे असेल तर त्याने लिहिणाऱ्यालाही लपू द्यावे, असा तो व्यवहार होता, आणि मला तो आजही रास्त वाटतो.

वळणवाट यांच्या विभागणीत ऑर्कुट मात्र बसत नाही. तिथे वर्गमित्रही होते आणि कम्युनिटीत भेटणारे पूर्ण अनोळखी लोकही होते, आणि दोघेही एकाच पानावर वाचत. शहरात त्याची झळही बसली. शिवाजी महाराजांविषयीच्या ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तंत्रज्ञाला पकडून आणले आणि तो जवळजवळ पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. पुढे असे निघाले की आयपी पत्त्याची, म्हणजे मजकूर कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आला याची, माहितीच चुकीची दिली गेली होती आणि त्याचा त्या मजकुराशी संबंध नव्हता. ही बातमी वाचल्यानंतर आम्ही पहिल्यांदा नेट कॅफेच्या त्या वहीकडे गांभीर्याने पाहिले, कारण एकाच संगणकावर तासातासाने माणसे बदलत होती.

कायम रोमात (औंध)

मी कधीच लिहिले नाही, केवळ वाचले, त्यामुळे माझा अनुभव चालेल की नाही कोण जाणे. ब्लॉगवर मूक वाचकाला मान होता. तो दिसत नसला तरी आहे, हे लिहिणाऱ्याला भेटींच्या आकड्यावरून समजत असे. आता वाचून काही न करता पुढे गेले की लिहिणाऱ्याला राग येतो आणि भेटल्यावर 'पाहिलंस ना, मग लाइक का नाही केलंस' अशी विचारणा होते. व्हॉट्सॲपवर संदेश वाचल्याचे सांगणाऱ्या दोन निळ्या खुणांनी तर आमची जमात उघडीच पाडली. मी त्या खुणा बंद करून ठेवल्या आहेत.

अक्षरजुळणी (शनिवार पेठ)

माझे डीटीपीचे दुकान अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे ब्लॉगची वाढ मी लेखक म्हणून पाहिली नाही, तर त्यांच्या लिखाणाची जुळणी करणारा म्हणून पाहिली. हा भाग सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांसाठीची एकच अक्षरसंकेत पद्धत, येण्याआधी मराठीचा प्रत्येक फॉण्ट म्हणजे स्वतंत्र संस्थान होते. शुषामध्ये लिहिलेले श्रीलिपीत उघडले की कचरा दिसे, आणि संकेतस्थळाच्या माथ्यावर 'आधी हा फॉण्ट उतरवून घ्या' अशी सूचना असे. विंडोज एक्सपीवर युनिकोडची सोय होती, पण देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती चालू करावी लागे आणि त्या वेळी विंडोजची सीडी मागितली जाई, जी नेट कॅफेवाल्याकडे कधीच नसे. सीडी नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न लागता नंतर लागे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहत, आणि फॉण्टच नसेल तर नुसते चौकोन दिसत. त्या काळातल्या कितीतरी ब्लॉगांवर उजव्या कोपऱ्यात 'मराठी नीट दिसत नसल्यास' अशा शीर्षकाची मार्गदर्शिका कायम टांगलेली असे. पुढे बरहा, गमभन अशी साधने आली आणि रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे टंकून मराठी लिहिता येऊ लागले. टंकलेखन न शिकलेला माणूस लिहिता झाला तो यामुळे, असे माझे ठाम मत आहे. ब्लॉगच्या वाढीचे श्रेय देताना लोक ही साधने विसरतात.

मग ब्लॉगवाले पुस्तक काढायला किंवा दिवाळी अंकाला मजकूर द्यायला आमच्याकडे येऊ लागले आणि खरी पंचाईत सुरू झाली. आम्ही सगळे पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. मजकूर परिवर्तकातून काढून जुन्या फॉण्टमध्ये आणावा लागे आणि त्यात 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र हमखास गळून पडे. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून भागवत, आणि या दोन पद्धतींमुळे आजही संगणकावर शोधताना तोच शब्द दोन वेगळे शब्द ठरतो. लेखकाची समजूत अशी की मजकूर टंकलेला तयारच आहे, तेव्हा पैसे निम्मे लागतील. प्रत्यक्षात मुद्रितशोधन पहिल्या ओळीपासून करावे लागे.

वाचक बदलला की लिखाण बदलावे लागते, हे मी लेखकांना दुकानातच समजावत असे. ब्लॉगवरील लेखात 'मागच्या भागात म्हटल्याप्रमाणे', 'प्रतिक्रियांमध्ये विचारले गेले म्हणून' अशी वाक्ये असतात, ती पुस्तकात लोंबकळत राहतात. एका प्रवासवर्णनात 'अधिक छायाचित्रांसाठी येथे टिचकी मारा' हे वाक्य लेखकाच्या आग्रहाने तसेच छापले गेले. वाचकाने कागदावर टिचकी मारून पाहिली असल्यास मला कल्पना नाही.

भाजणी (सहकारनगर)

माझा पाककृतींचा ब्लॉग २००९ पासून आहे आणि अजून चालू आहे. आमच्या घरची मापे म्हणजे 'अंदाजाने' आणि 'मावेल तेवढे'. थालीपिठाची भाजणी पहिल्यांदा लिहिली तेव्हा ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धणे यांची नावे देऊन, सगळे खमंग भाजून दळून आणावे, असे लिहून मी मोकळी झाले होते. टेक्सासमधील एका वाचक बाईंनी विचारले की खमंग म्हणजे किती वेळ, वाटी म्हणजे किती मिलिलिटर, आणि जिथे गिरणी नाही तिथे दळायचे कशावर. तेव्हा मी २४० मिलिलिटरचा कप आणला, प्रत्येक धान्य वेगळे भाजून वेळ लिहिली, धणे लवकर करपतात म्हणून ते शेवटी मंद आचेवर घ्यावेत असे नोंदवले आणि मिक्सरमध्ये थोडे थोडे दळून चाळण्याची कृती दिली. सासूबाईंनी ते वाचून 'हे एवढं सगळं सांगावं लागतं?' असे विचारले, पण पुढच्या खेपेस भाजणी करताना त्यांनीच घड्याळ समोर ठेवले होते.

ब्लॉगचा वाचक गरज पडेल तेव्हा येतो. माझ्या चकलीच्या लेखावर वर्षभर कोणी फिरकत नाही आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात झुंबड उडते. एका वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री एका अनोळखी मुलीने 'चकली तेलात विरघळते आहे, लवकर सांगा' एवढेच लिहिले. पिठातले मोहन, म्हणजे गरम तेल, जास्त झाले होते. थोडी कोरडी भाजणी मिसळून पीठ पुन्हा मळायला सांगितले आणि तासाभराने तिचा निरोप आला की जमल्या. आता माझी भाचीही मला रील करायला लावते. तिथे लाखांत आकडे दिसतात, पण तिथल्या माणसाला त्या क्षणी चकली करायचीच नसते, तो केवळ बघत असतो, आणि दोन दिवसांनी ते रील कोणाला आठवतही नाही. शिवाय रीलचे आकडे वाढले की मसाले आणि भांडी विकणारे संपर्क साधतात आणि आपण न वापरलेल्या वस्तूचे कौतुक करण्याची अपेक्षा धरतात. मी नकार देते. त्यामुळे भाचीचे म्हणणे असे की मावशीला धंदा कळत नाही, आणि ते खरेच आहे.

वळणवाट

सर्वांचे आभार. आतापर्यंतचे बहुतेक लोक संगणकावरून या जगात आले. ज्यांनी थेट मोबाइलवरूनच सुरुवात केली, विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाल्यावर, त्यांचे अनुभवही वाचायला आवडतील.

नारायणपेठकर आजी

माझे वय चौऱ्याहत्तर आहे. मुलाने मोबाइलवर फेसबुक घालून दिले आणि नातवाने बोलून टंकायला शिकवले; मोबाइल बोललेले लिहून घेतो, मी मग एकेक वेलांटी सुधारते. शिक्षिका होते, त्यामुळे तेवढे केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

एका जुलै महिन्यात मी पानशेतच्या पुराविषयी लिहिले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले आणि मग खडकवासल्याचेही धरण टिकले नाही. आम्ही नारायण पेठेत राहत असू. वडिलांनी आम्हा भावंडांना सदाशिव पेठेत उंचावर राहणाऱ्या मावशीकडे नेऊन पोहोचवले आणि आई देवघरातले टाक पदरात बांधून निघाली. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तेव्हा धान्याच्या कोठीतून आंबूस वास येत होता, भिंतीवर चिखलाची रेघ होती आणि वडिलांच्या पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. हे सारे मी मुलांना अनेकदा सांगितले होते, पण त्यांनी ते 'आईची गोष्ट' म्हणूनच ऐकले.

लिहिल्यावर मात्र ज्यांनी तो दिवस पाहिला ती माणसे आली. कोणी शनिवार पेठेतले, कोणी पूरग्रस्त म्हणून गोखलेनगरात वसलेल्या कुटुंबातले. पाणी कोणत्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले यावर चार दिवस वाद चालला, आणि तो वाद म्हणजे माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या गप्पांपैकी एक होता. शाळेतली एक मैत्रीण, जी पुरानंतर कुटुंबासह मिरजेला गेली होती, ती या वादामुळेच सापडली.

दुसऱ्या वर्षी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर माझ्या जावेने मला पाठवला. माझे नाव नव्हते आणि वर 'एका आजीची डोळ्यांत पाणी आणणारी आठवण' असा मथळा होता. मधे कोणीतरी चार वाक्ये घातली होती, त्यानुसार पाण्याचा लोंढा मध्यरात्रीच्या काळोखात आला होता. नाव गेल्याचे मला फार वाटले नाही. पण धरण सकाळी फुटले, आणि सकाळ होती म्हणूनच आमच्यासारखे पुष्कळ जण बाहेर पडू शकले. ते वाक्य बदलले की आमचा जीव कसा वाचला हेच कळेनासे होते. मी गटात तशी दुरुस्ती लिहिली. त्यावर तीन जणींनी हात जोडल्याची चित्रे पाठवली आणि त्यानंतर कोणीतरी सुप्रभात म्हटले.

सोलापूर रस्ता (हडपसर)

मी महाविद्यालयात शिकवतो. फेसबुक नवे होते तेव्हा विद्यार्थ्यांच्या मैत्रीविनंत्या मी आनंदाने स्वीकारल्या, कारण वर्गात न बोलणारी मुले तिथे प्रश्न विचारत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबईतल्या बंदविषयी एक वाक्य लिहिले होते आणि दुसरीने ते लाइक केले होते. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये कोणीच दुसरे काही बोलत नव्हते. ज्या कलमाविषयी तेव्हा एवढा गदारोळ झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराविषयीचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, पण त्याच्या आधी जून २०१४ आला.

फेसबुकवरील काही आक्षेपार्ह चित्रांवरून शहरात तणाव होता. बस फोडल्या जात होत्या आणि दुकाने मिटत होती. २ जूनच्या रात्री आमच्या हडपसरमध्ये जमावाने एका तरुणाचा जीव घेतला. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ज्या रस्त्याने मी रोज जातो त्याच परिसरात हे घडले होते, आणि वर्गात मुलांसमोर त्यावर बोलताना मला वाक्ये जुळवावी लागली. या धाग्यावर वाचक म्हणजे आपल्या आवडीने येणारा, असे गृहीत धरलेले दिसते. ज्याने वाचावे असे आपल्या स्वप्नातही नसते, तोही वाचतो, आणि जे कोणीही नीट वाचलेले नसते त्यावरूनही माणूस मरतो, हे त्यात धरलेच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले गेले, त्यामागेही व्हॉट्सॲपवर फिरलेली अफवा होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले.

माझे विद्यार्थी आता इन्स्टाग्रामवर असतात आणि फेसबुकवर त्यांचे पालक. मी तिथे पालकांच्या प्रवेशप्रक्रियेबाबतच्या शंकांना उत्तरे देतो.

वेळ लिहा (विश्रांतवाडी)

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आम्ही काही मैत्रिणी खाटा, प्राणवायू आणि रेमडेसिविर यांच्या मागण्या एकत्र करून मार्ग शोधून देत होतो. ट्विटर, इन्स्टाग्राम, सोसायट्यांचे गट अशा सगळीकडून मागण्या येत. शासकीय डॅशबोर्डवर रिकामी दिसणारी खाट दूरध्वनी करेपर्यंत भरलेली असे. त्या दिवसांत लिहिण्याची एकच पद्धत आम्ही शिकलो आणि ती आज मी सर्वत्र वापरते : माहिती, ती कोणी तपासली आणि किती वाजता तपासली. 'तपासले, दुपारी ३.४०' ही ओळ नसलेला संदेश आम्ही पुढे पाठवत नसू. आमचा वाचक घाबरलेला असे आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा फोन करायला वेळ नसे, म्हणून विशेषणे, प्रार्थना आणि चित्रे काढून टाकली.

एक गोष्ट मात्र आम्हाला आवरता आली नाही. मागणी पूर्ण झाली तरी तिचा संदेश फिरतच राही. एका काकांना त्यांची पत्नी गेल्यानंतरही कित्येक दिवस 'खाट मिळाली का' असे फोन येत होते. फोन करणारे सगळे मदतच करू पाहत होते. त्यानंतर आम्ही संदेशात नातेवाइकांऐवजी आमच्यापैकी कोणाचा तरी क्रमांक द्यायला लागलो.

लेक (बिबवेवाडी)

माझ्या वडिलांचा ब्लॉग होता. वनस्पतींवर लिहीत, तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी जात आणि जे फुललेले दिसे त्याची नोंद छायाचित्रासह करत. ते गेल्यावर परवलीचा शब्द त्यांच्या डायरीत सापडला, म्हणून आत गेले, तर मंजुरीच्या प्रतीक्षेत अनेक प्रतिक्रिया पडून होत्या. सोलापूरच्या एका शिक्षकांनी फुलाचे चित्र पाठवून नाव विचारले होते, उत्तर आले नाही म्हणून पुन्हा विचारले होते, आणि तिसऱ्या वेळी 'आपली प्रकृती बरी आहे ना' अशी चौकशी केली होती. मला त्या फुलाचे नाव माहीत नव्हते. बाबांच्या जुन्या नोंदी चाळून मी ते शोधले, उत्तर दिले आणि खाली कोण लिहीत आहे हेही कळवले. फेसबुकवर बाबांचे तीनशेहून अधिक मित्र होते आणि तिथे श्रद्धांजलीचे संदेश आले. ब्लॉगवरच्या वाचकांना मात्र ते गेल्याचे कळवणारे कोणीच नव्हते.

दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हापासून मी अधूनमधून त्यात शिरून काहीतरी करते. आता सगळा मजकूर उतरवून घ्यायचा आहे आणि जमल्यास त्याचे छोटे पुस्तक करायचे आहे. अक्षरजुळणी काका, प्रतिक्रियाही त्यासोबत उतरतात का? मला लेखांइतक्याच त्याही हव्या आहेत.

अक्षरजुळणी (शनिवार पेठ)

उतरतात. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, तिथून सगळ्या मजकुराची फाइल मिळते आणि तिच्यात लेख व प्रतिक्रिया दोन्ही असतात. छायाचित्रे मात्र तिच्यात नसतात, केवळ त्यांचे दुवे असतात, म्हणून ती वेगळी आणि मूळ आकारात उतरवावी लागतील. वडिलांच्या कॅमेऱ्याचे कार्ड किंवा जुना संगणक घरात असेल तर तोच आधी पाहा, छपाईला ती चित्रे जास्त चांगली येतात. मंजुरीच्या प्रतीक्षेतल्या प्रतिक्रिया फाइलमध्ये येतील यावर विसंबू नका, त्या आधी मंजूर करून मग बॅकअप घ्या. पेजमेकरची भीती आता नाही, इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी थेट घेता येते. फाइल घेऊन दुकानात या, पण दिवाळी अंकांची गर्दी संपल्यावर. वनस्पतींची शास्त्रीय नावे तिरप्या टाइपात लागतील, त्यांची यादी वेगळी करून आणलीत तर माझा मुद्रितशोधक तुमचे आभार मानील.